मदत हवी आहे: स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं) आहे आणि तीन गोळ्या घेऊनही बाबांचं बीपी उतरत नाहीये

नमस्कार, प्रश्न बाबांचा आहे, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज. बाबांनी साठी ओलांडलीये, वजन जास्त, मान जाड आणि घोरणं तर शेजारच्या खोलीत ऐकू येतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन, तिन्ही पूर्ण डोसमध्ये, गोळ्यांचा डबा मी स्वतः भरते त्यामुळे चुकत नाहीत हे नक्की, तरी घरी मोजलं की वरचं १५५-१६५ आणि खालचं ९५ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले तीन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, आणि तरीही आटोक्यात नाही म्हणजे हे रेझिस्टंट हायपरटेन्शन. मग २४ तासांचं बीपी मशीन लावलं तर कळलं की झोपेत बीपी १० ते २० टक्के खाली यायला हवं ते बाबांचं येतच नाही, पहाटे तर दिवसापेक्षा जास्त! म्हणून स्लीप स्टडी केली, एएचआय ४२ आला, म्हणजे तासाला ४२ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, ३० च्या वर गेलं की सिव्हियर धरतात.

आता सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, सुरू आहे पण मध्यरात्री बाबा मास्क काढून टाकतात, मशीनच्या रिपोर्टमध्ये रात्रीचे सरासरी तीनच तास दिसतात. बीपी आहे तिथेच, आणि घरात सगळे म्हणायला लागलेत की मशीन परत करा, उपयोग नाही. मला हे अजिबात पटत नाहीये. मशीन नीट वापरलं तर बीपी खरंच किती उतरतं? आणि चौथी गोळी स्पायरोनोलॅक्टोन सुचवलीये, ती लगेच सुरू करायची की आधी मशीनची सवय होऊ द्यायची? खूप काळजी वाटते हो, कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

प्रतिसाद १:
मशीन परत करू नका. माझ्या मिस्टरांचं अगदी हेच होतं म्हणून बरंच वाचलंय. स्पेनमध्ये अशाच १९४ पेशंटवर हिपार्को नावाची ट्रायल झाली होती, २०१३ ला छापून आली, १२ आठवड्यांत सीपॅपने २४ तासांचं सरासरी बीपी साधारण ३ नेच उतरलं, पण ज्यांनी जास्त तास लावलं त्यांचं जास्त उतरलं आणि रात्री बीपी खाली येणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. म्हणजे १६० चं १३० एकट्या मशीनने होणार नाही, गोळी लागणारच, दोन्ही बरोबर चालतं. स्पायरोनोलॅक्टोन उगाच नाही सुचवलेली, २०१५ च्या पाथवे-२ ट्रायलमध्ये चौथी गोळी म्हणून बायसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिनपेक्षा तीच सरस ठरली. अशा पेशंटमध्ये अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन बऱ्याचदा जास्त असतं, ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, आणि आडवं झालं की पायातलं पाणी मानेकडे सरकून घसा अजून अरुंद होतो. पण सुरू करण्याआधी अल्डोस्टेरॉन-रेनिनची रक्ततपासणी करायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण गोळी सुरू झाली की त्या रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड जातं. आणि टेल्मिसार्टन चालू आहे, दोन्हींनी पोटॅशियम वाढतं, त्यामुळे सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सांगतील तेव्हा न चुकता बघा. बाबा गुडघ्यासाठी वगैरे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असतील तर तेही सांगा, त्यानेसुद्धा बीपी चढतं.

प्रतिसाद २:
मास्क का काढतात ते आधी शोधा. तोंड उघडं राहून हवा गळते का, घसा कोरडा पडतो का, नाक चोंदतं का? मशीनला ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) असेल तर चालू करा, नाक-तोंड झाकणारा मास्क ट्राय करा, आणि रॅम्प लावलात तर प्रेशर सुरुवातीला हळूहळू चढतं. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास नुसता घालून बसवा, सवय होते. नाकासाठी चोंदणं मोकळं करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नका, त्यातल्या काहींनी बीपी वाढतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. घसा कोरडा पडतो असं बाबा सारखं म्हणतात, आज ह्युमिडिफायर लावते. गुडघ्याची गोळी घेतात अधूनमधून, तिचं नाव बघून डॉक्टरांना सांगते. अजून एक, स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या स्तनांमध्ये दुखतं, सूज येते असं वाचलं, तुमच्या मिस्टरांना असं काही झालं का, आणि झालं तर बदलून कुठली गोळी दिली?