रशचं 'वाय वाय झेड' बसवायलोत, सुरुवातीची लय कशी मोजायची?

बेसवाला_लातूर
राम राम मंडळी. गॅदरिंगला कॅनडाच्या रश या रॉक बँडचं 'वाय वाय झेड' वाजवायचं ठरलंय. गिटार, बेस, ड्रम आणि ऑक्टोपॅड असे चौघे आहोत. गाण्याला शब्दच नाहीत, त्यामुळे गायकाचा प्रश्न मिटला. अडलंय ते सुरुवातीला. पाच-चारची लय (एका आवर्तनात पाच ठोके) आहे एवढं कळतं. ऑक्टोपॅडवाला तबला शिकलेला आहे म्हणून त्याला झपताल (दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन) धरायला सांगितला, तर दुसऱ्या विभागातच हात सुटायलाय आणि समेवर कुणीच एकत्र येईना. झपताल धरणं चूक आहे का? दुसरं म्हणजे, सुरुवातीला एकटाच वाजतो तो घंटीसारखा आवाज कशाचा आणि ऑक्टोपॅडवर कसा काढायचा? शिवाय निवेदन करणाऱ्या मुलीला बँडबद्दल दोन-चार खात्रीच्या गोष्टी द्यायच्या आहेत. रश पुन्हा दौऱ्यावर निघणार ही बातमी खरी आहे का तेही सांगा.

दहा_मात्रा, परभणी
झपताल चूक नाही, पण ठेक्याच्या बोलांवर गाण्याचे ठोके पडतील ही अपेक्षा चूक आहे.

आधी ठोके कुठून आले ते बघा. वाय वाय झेड हा टोरंटोच्या पिअर्सन विमानतळाचा संकेत. तिथला रेडिओ बीकन ही तीन अक्षरं मोर्समध्ये सारखी पाठवत असतो. बँडला ती विमानात ऐकू आली आणि तीच लय झाली. मोर्समध्ये वाय म्हणजे रेघ, ठिपका, रेघ, रेघ. झेड म्हणजे रेघ, रेघ, ठिपका, ठिपका. रेघेला दोन बारीक मात्रा द्या, ठिपक्याला एक. तोंडाने म्हणायला रेघ 'धाऽ', ठिपका 'ति':

धाऽ ति धाऽ धाऽ । धाऽ ति धाऽ धाऽ । धाऽ धाऽ ति ति

वाय सात, वाय सात, झेड सहा. एकूण वीस बारीक मात्रा, म्हणजेच झपतालाच्या दहा. हिशोब चोख बसतो.

आता हात का सुटतो ते. पहिला 'धाऽ' पहिल्या मात्रेवर, 'ति' दुसरीवर. पण हा 'ति' अर्ध्याच मात्रेचा आहे, त्यामुळे त्याच्यापुढचा 'धाऽ' अडीचवर येतो. तिथून पुढचे ठोके दोन मात्रांच्या मधोमध पडत जातात: अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच. तिसरी, चौथी आणि पाचवी मात्रा पूर्ण कोरड्या जातात. साडेपाचवरचा ठोका हा दुसरा 'ति'. तो पुन्हा अर्धी मात्रा खातो आणि हात सहाव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर खालीवर (तालाच्या हलक्या मात्रेवर), परत जमिनीवर येतो. सहा, सात, आठ, नऊ, दहा सरळ मात्रेवर, आणि शेवटचा 'ति' साडेदहावर.

तुमचा माणूस दुसऱ्या विभागात सुटतो कारण विभाग तिसऱ्या मात्रेवर सुरू होतो आणि गाण्यात तिथे काहीच वाजत नाही. शिकलेला हात रिकामी मात्रा सोसत नाही, तो तिथे 'धी' मारून मोकळा होतो. त्याला सांगा, ठेका वाजवू नको. डाव्या हाताने मांडीवर दहा मात्रा मोज आणि बोल फक्त तोंडाने म्हण. तोंड न अडखळता दहा आवर्तनं चाललं तरच काठी हातात घ्यायची.

गोदाकाठ, नांदेड
वरचा हिशोब बिनचूक आहे, पण शिकताना मी रूपक पुढे ठेवेन. 'धाऽ ति' तीन, 'धाऽ' दोन, 'धाऽ' दोन. तीन-दोन-दोन! तबला शिकलेल्या माणसाला याहून ओळखीचं वजन कोणतं? रूपकाची दोन आवर्तनं आणि वर सहा मात्रा, एवढंच गाण्याचं तोंड आहे. अर्ध्या मात्रांचं गणित करायची वेळच येत नाही.

दोन ठिकाणी सांभाळा. रूपकात समेवरच खाली असते, त्यामुळे तबलजीचा हात पहिल्या मात्रेवर आपोआप हलका पडतो. इथे पहिला ठोका भरीव हवा. म्हणून रूपकाचे बोल नका घेऊ, नुसतं तीन-दोन-दोनचं वजन घ्या. आणि शेवटच्या सहा मात्रा म्हणजे दादरा नव्हे. दादरा तीन-तीन, झेड दोन-दोन-एक-एक. दादऱ्याचं वळण दिलं की शेवटचे दोन 'ति' पसरतात आणि पुढची सम उशिरा येते.

गिटार-बेसवाल्यांना तालांची नावं सांगून उपयोग नसेल तर त्यांना असं मोजायला द्या: एक लांब, एक तोकडा, तीन लांब, एक तोकडा, चार लांब, दोन तोकडे. एकूण बारा ठोके. बहुतेक संच कोसळतात ते 'तीन लांब' आणि 'चार लांब' यात. पहिल्यांदा तीन वाजवले की दुसऱ्यांदाही तीनच वाजतात, आवर्तन वीसऐवजी अठराचं होतं आणि ड्रमर दोन बारीक मात्रा मागे राहिल्यासारखा वाटतो. वास्तविक चुकलेला असतो गिटारवाला. तालमीचा आवाज मोबाइलवर टेप करा आणि फक्त हे चार लांब ठोके मोजा, चूक कुणाची ते लगेच कळेल.

दहा_मात्रा, परभणी
शिकायला रूपक चालेल, मान्य. पण चौघांनी एकत्र वाजवताना ड्रमरच्या पायात पाचचा ठोका हवाच. हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या) पेडलवर पाच ठोके ठेवा. त्या पाचांपैकी पहिल्या, चौथ्या आणि पाचव्यावरच मोर्सचा ठोका पायाशी जुळतो, दुसरा-तिसरा पाय एकटा पडतो. हे चौघांनाही ठाऊक असलं की चौथ्या ठोक्यावर आपोआप मान हलते आणि चुकलेला माणूस तिथे पकडता येतो. समेपर्यंत थांबावं लागत नाही.

मेट्रोनोम आधी ६० वर, एका आवर्तनाला पाच टिक. सलग दहा आवर्तनं स्वच्छ गेली की ४ ने वाढवा. ८० च्या पुढे गेल्यावर अर्ध्या ठोक्यांवर टिक वाढवू नका, उलट कमी करा, म्हणजे आवर्तनाला एकच. टिकांची गर्दी असली की माणूस लय ऐकत नाही, टिकाच्या मागे पळतो.

साउंडचेक, छत्रपती संभाजीनगर
आवाजाचं सांगतो. घंटीसारखा आवाज क्रोटलचा आहे. काशाच्या तळहाताएवढ्या जाड चकत्या असतात, सुरात बांधलेल्या. ऑक्टोपॅडमध्ये त्या नावाचा आवाज सापडला तर उत्तम. नसेल तर ट्रँगल किंवा छोट्या बेलचा घ्या आणि त्याची डीके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करा. डीके लांब ठेवली की 'ति'चा आवाज पुढच्या 'धाऽ'वर सांडतो आणि रेघ-ठिपका हा फरकच पुसला जातो. दुसरा मार्ग खऱ्या टाळाचा. भजनातला जाड टाळ एकाच बाजूचा दोरीने टांगायचा आणि काठीच्या टोकाने कडेला मारायचा. ऐनवेळी स्टेजवर हाच जास्त भरवशाचा, वीज गेली तरी वाजतो.

एक समज पक्का करून द्या: रेघ म्हणजे जोरात नव्हे, रेघ म्हणजे पुढच्या ठोक्यापर्यंत जास्त वेळ. ऑक्टोपॅडवाले हमखास 'धाऽ' जोरात आणि 'ति' हळू मारतात, अंतर मात्र सारखंच ठेवतात. मग बारा सारखे ठोके ऐकू येतात आणि मोर्स गायब होतो. सगळे ठोके एकाच जोराने मारून बघा. तरीही वाय ओळखू आला तर अंतर बरोबर आहे.

ऑक्टोपॅडचा स्टँड बास ड्रमजवळ असेल तर पायाच्या ठोक्याने पॅड आपोआप वाजतो. थ्रेशोल्ड (किती जोराच्या धक्क्याला पॅड वाजावा ती मर्यादा) थोडा वाढवा, स्टँडखाली जाड सतरंजीची घडी घाला.

मैदानावर चौघांनी जवळ उभं राहा. आवाजाला दहा फूट जायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. तीस फूट लांबच्या स्टेजवर दोन टोकांना दोघे उभे राहिले तर २७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. लय मिनिटाला १४० ठोक्यांची धरली तर एक बारीक मात्राच मुळी १०७ मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रा उभं राहण्यातच गेली. साध्या गाण्यात चालून जातं, इथे नाही.

जनरेटर असेल तर लाइटवाला आणि साउंडवाला यांना वेगवेगळे फेज द्यायला लावा. डिमर फिरला की गिटारमध्ये गुणगुण येते. गुणगुण घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढू लागला तर तिथेच थांबवा. तारांना हात आणि माइकला ओठ लागले की जोराचा झटका बसतो.

बेसवाला_लातूर
सगळ्यांचे मनापासून आभार. 'चार लांब' हीच आमची चूक, आमच्या टेपमध्ये साफ ऐकू यायलंय. गिटारवाला विचारतोय की रिफचे (सुरुवातीला पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचे) स्वर पेटीवर कुठे सापडतील. आणि बातमीचं राहिलं.

गोदाकाठ, नांदेड
रिफ दोनच स्वरांवर चालते, सा आणि तीव्र मध्यम. पेटीवर कोणताही सा धरा आणि तीव्र म दाबा, ते अंतर कानात बसेल. सा-पच्या सवयीमुळे बोट पंचमावर जातं आणि सगळा ताण निघून जातो. त्या अस्वस्थ अंतरामुळेच सुरुवात धोक्याच्या इशाऱ्यासारखी वाटते. पुढे रशचा गिटारवादक अॅलेक्स लाइफसनच्या सोलोची वळणं बसंत मुखारीच्या जवळ जातात: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आपल्याकडच्या श्रोत्यांना तो तुकडा लगेच धरतो, तिथे घाई करू नका.

बेस बोटांनीच वाजवा. रशचा बेसवादक गेडी ली बोटांनी वाजवतो.

रेकॉर्ड_पेटी, बीड
बातमी खरी आहे. ६ ऑक्टोबर २०२५ ला गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसन यांनी २०२६ चा 'फिफ्टी समथिंग' दौरा जाहीर केला. ड्रमवर जर्मनीची अॅनिका निलेस. ती २०२२ मध्ये गिटारवादक जेफ बेकबरोबर दौऱ्यावर होती. पहिला कार्यक्रम ७ जून २०२६ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये जाहीर झाला. हे सभागृह मुद्दाम निवडलेलं दिसतं, कारण ड्रमर नील पिअर्टबरोबरचा बँडचा शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५ ला तिथेच झाला होता. नील ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगाने गेला. त्याच्या जागी दुसरं कुणी बसणं आम्हा चाहत्यांना जड जातं, पण त्याचं काम पुन्हा रंगमंचावर ऐकू येणार ही मोठीच गोष्ट आहे.

निवेदनाच्या मुलीला हे द्या. नीलच्या आडनावाचा उच्चार 'पर्ट' नाही, 'पिअर्ट'. बँड १९६८ चा, टोरंटोचा. नील पहिल्यापासून नव्हता. १९७४ च्या पहिल्या अल्बमवर ड्रम जॉन रट्सीचे आहेत, नील त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस आला. 'वाय वाय झेड' हे फेब्रुवारी १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बममधलं, क्वेबेकच्या ल स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. श्रेय गेडी आणि नील या दोघांनाच आहे, अॅलेक्सचं नाव त्यात नाही. ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार मात्र 'द पोलीस' या बँडला गेला.

मुखपृष्ठाचं तर नक्की सांगा. माणसं चित्रं उचलून नेतायत, म्हणजे हलती चित्रं. बाजूला उभे लोक ती बघून हेलावलेत, म्हणजे हलवणारी चित्रं. आणि मागच्या बाजूला कळतं की या सगळ्याचं शूटिंगच चाललंय, म्हणजे चित्रपट. एका नावाचे तीन अर्थ. मागची तीन कमानींची इमारत ओंटारिओचं विधान भवन आहे.

आणि तिला 'झी' म्हणू देऊ नका. कॅनडात आपल्यासारखंच 'झेड' म्हणतात.

दहा_मात्रा, परभणी
मोर्सच्या हिशोबाबद्दल एक राहिलं. रेघेला दोन आणि ठिपक्याला एक हे बँडने सोयीसाठी ठरवलेलं नाही. खऱ्या मोर्समध्ये ठिपका १, रेघ ३ आणि प्रत्येकामागे १ ची फट. फटीसकट ठिपका २ आणि रेघ ४, म्हणजे एकास दोनच. बँडने सोडली ती फक्त अक्षरा-अक्षरांमधली जादा फट. ती ठेवली असती तर पाच-चार बसलंच नसतं.

साउंडचेक, छत्रपती संभाजीनगर
हाच नियम आपल्या विमानतळांना लावून बघा. आमचा संकेत आय एक्स यू: ति ति । धाऽ ति ति धाऽ । ति ति धाऽ. दोन, सहा, चार, एकूण बारा. तीनच्या लयीत सरळ बसतो, कुणीही वाजवेल.

बेसवाला_लातूर
लातूर एल टी यू. ति धाऽ ति ति । धाऽ । ति ति धाऽ. पाच, दोन, चार. अकरा!

गोदाकाठ, नांदेड
नांदेड एन डी सी, तेरा. धाऽ ति । धाऽ ति ति । धाऽ ति धाऽ ति. तीन, चार, सहा. ड्रमरला तालमीआधी पाच मिनिटं हेच द्या, म्हणजे वीसचं आवर्तन त्याला मोकळं वाटेल. यात दोन रेघा सलग कुठेच येत नाहीत, त्यामुळे 'तीन की चार' हा घोळ नाही. चुकतं ते 'डी'चे दोन 'ति' संपून 'सी'चा 'धाऽ' येतो तिथे. तो 'धाऽ' लवकर पडतो, हात जरा रोखून धरायचा.