मदत हवी आहे: मुलांच्या कोरकू-मराठी गोष्टीत कोरकू मागे पडू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. वर्गातली मुलं घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. दिवाळीनंतर आम्ही मोबाईलवर गोष्टींचे व्हिडिओ करायला घेतले. चित्रं मुलांनी काढलेली, आवाजही त्यांचाच. सोळा मुलं, माझा एक फोन आणि काइनमास्टर या व्हिडिओ जुळवायच्या ॲपची फुकट आवृत्ती, एवढंच सामान आहे.

पहिल्या गोष्टीत चूक माझी झाली. गोष्ट मराठीत लिहून घेतली आणि म्हटलं, आता हीच कोरकूत सांगा. मुलं प्रतिज्ञा म्हटल्यासारखी एका सुरात बोलली. घरी जाऊन ऐकलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण हीच मुलं मधल्या सुट्टीत काय रंगून बोलतात!

म्हणून दुसऱ्या वेळी एका मुलीच्या आजीला वर्गात बोलावलं. दोन भाऊ सिपना नदीकाठी मोहफुलं वेचायला जातात आणि समोर वाघ येतो, अशी गोष्ट. (सिपना म्हणजे कोरकूत साग, हे मला मुलांनीच सांगितलं.) एका ठिकाणी सगळा वर्ग खो खो हसला आणि मला काहीच कळेना. मग मुलांनी समजावलं. कोरकूत द्विवचन आहे, म्हणजे फक्त दोघांसाठी वेगळं रूप. त्यातही 'मी आणि तू' याला एक शब्द, 'मी आणि तो, तू नाहीस' याला दुसरा. धाकटा भाऊ घाबरून वाघाशी बोलताना नेमका पहिला शब्द वापरतो, 'आपण दोघं घरी जातो' म्हणतो, आणि वाघ खुशीत त्याच्या मागे चालू लागतो! मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत म्हणून हे निभावलं. हिंदीत दोन्हीकडे 'हम दोनों'च येतं, सगळी गंमत जाते.

आता अडचण सांगते. कोरकू आवाजाखाली मराठी ओळ दिली की मुलं तीच वाचत बसतात, कान बंद. दोन्ही भाषांच्या ओळी दिल्या तर लहान पडद्यावर चित्र झाकलं जातं. दोन वेगळे व्हिडिओ केले तर शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, मराठीतलाच दाखवला जाईल, ही भीती आहे. तुम्ही काय केलं असतं?

शिवाय कोरकू लिहिताना शब्दाच्या शेवटी येणारा नाकातला आवाज कुणी नुसत्या अनुस्वाराने लिहितं, कुणी 'न'ने. 'ङ' आणि 'ञ' वापरावेत का? पोरं विचारतात, 'बाई, बरोबर कोणतं?' आणि मला उत्तर देता येत नाही.

प्रतिसाद १

ताई, व्हिडिओऐवजी ब्लूम हे पुस्तकं बनवायचं सॉफ्टवेअर वापरून बघा. मोफत आहे, विंडोज लॅपटॉपवर चालतं, नेट नसलं तरी काम होतं. एकाच पुस्तकात दोन भाषा ठेवता येतात आणि फोनवर वाचणारा हवी ती भाषा निवडतो. आवाज वाक्यावाक्याने भरायचा असतो, म्हणून एक मूल अडखळलं तर तेवढंच वाक्य पुन्हा घ्यायचं. वाचताना ते वाक्य रंगतं, त्यामुळे मुलं कोरकूच डोळ्यांनी धरतात. मराठी शक्यतो शेवटी जोडा.

प्रतिसाद २

लेखनाचं उत्तर बाहेरून आणू नका. वर्गात एक तक्ता लावा, मुलांनी ऐकून ठरवलेलं रूप त्यावर लिहा आणि पुढच्या सगळ्या गोष्टींत तेच पाळा. चुकलं वाटलं तर नंतर बदलता येतं. शेवटचे आवाज खरंच वेगळे ऐकू येत असतील, तर 'ङ' आणि 'ञ' आहेतच की आपल्या लिपीत.

एक सावधगिरी. गोष्ट स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर आधी आजींना नीट समजावून सांगा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेला तो मंच खुल्या परवान्यावर चालतो. श्रेय देऊन कुणीही ती गोष्ट घेऊ शकतं, बदलू शकतं, विकूही शकतं, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. मुलांचे चेहरे तर टाकूच नका, चित्रं आणि आवाज पुरे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. परवान्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज आजींच्या घरी जाऊन आले. त्या म्हणाल्या, गोष्ट जाऊ दे कुठेही, पण ती त्यांच्या सासूची आहे, नाव तिचं लावा. पहिल्या पानावर आता सासूबाईंचं नाव असेल, खाली सांगणारी म्हणून आजींचं.

तक्ता उद्याच लावते. शाळेच्या लॅपटॉपवर ब्लूम चढवून बुधवारी पुन्हा आवाज भरू. मध्य प्रदेशातल्या बैतूल-खंडव्याकडची कोरकू जाणणारं इथे कुणी असेल, तर तिकडे शेवटचा 'ञ' कसा लिहितात ते नक्की कळवा.