सेटलमेंट करणारे सगळेच बुडवे? रामदासपेठकरांना उत्तर

मानेवाडा_चौक:
काल रामदासपेठकरांनी कर्जाच्या तडजोडीबद्दल लिहिलं, "सेटलमेंट म्हणजे सभ्य भाषेतली बुडवेगिरी. दागिने विका, प्लॉट विका, पण हप्ता चुकवू नका." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. माझं डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

काकाजी, दागिने सगळ्यात आधी गेले. 2021 मध्ये ह्यांची नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यांतली बिलं अडकली, तेव्हा मंगळसूत्र सोडून सगळं इतवारीच्या सराफ्यात मोडलं. तरी बँकेचं पर्सनल लोन आणि एका फायनान्स कंपनीचं कर्ज मिळून 9 लाख 40 हजार उरलेच. ते फेडायला तिसरीकडून कर्ज काढलं असतं, तर तुमच्या लेखी आम्ही सज्जन!

मग दोघांकडे लेखी अर्ज दिले. घरखर्चाचा कागद जोडला, महिन्याला 20 हजारांवर जमणार नाही असं स्पष्ट लिहिलं. फायनान्सवाल्यांना एकरकमीच हवे होते, दोनदा परत पाठवलं. मधल्या काळात वसुलीचा एक पोरगा म्हणाला, "25 हजार टाका, फाइल बंद करून देतो." टाकले. पत्र नाही, पावती नाही, फाइल जिथल्या तिथे. तेव्हापासून लेटरहेडवरचं पत्र हातात आल्याशिवाय रुपया दिला नाही. शेवटी लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा लागायच्या आधीचं, प्रकरण लागलं. बँकेला 12 हजार, कंपनीला 8, असे 36 महिने. करा बेरीज. 7 लाख 20 हजार, मुद्दल अख्खं त्यात आलं. सुटलं ते व्याज आणि दंड. एकही हप्ता मागे राहिला नाही. आता सांगा, कुणाचं बुडवलं?

रामदासपेठकर:
ताई, तुमचा त्रास मान्य. पण 2 लाख 20 हजार सुटले ना? ते कुणीतरी भरतंच. मी 20 वर्षं गृहकर्ज फेडलं, पोरांच्या सहली बंद केल्या, बँकेनं साधा पेढा दिला नाही. कर्जमाफीचंही तेच. थकवणाऱ्याला हार, भरणाऱ्याला बाबाजी का ठुल्लू.

काटोल_संत्रा:
आला का शेतकऱ्यावर घसरून? 2019 च्या माफीत मर्यादा 2 लाखांची. माझी थकबाकी 2 लाख 11 हजार. अकरा हजारापायी अख्खा बाहेर! हार कुठे मिळतात तेवढं सांगा, मीही येतो रांगेत. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्जमाफीसाठी वर्धा रोड अडवला तेव्हा तुमची गाडी अडकली असेल, त्याचा राग इथं काढून राहिले.

रामदासपेठकर:
अडकली होती. चार तास. आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

निवृत्त_मॅनेजर:
भांडा, पण एकाच पोत्यात सगळं कोंबू नका. मुदत वाढवून हप्ता कमी केला, ते पुनर्गठन. कमी रकमेत मिटवलं, ती तडजोड, आणि सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा बसतो. रिझर्व्ह बँकेच्या 8 जून 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे, शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्याला तीच बँक किमान 12 महिने नवीन कर्ज देत नाही. त्याच परिपत्रकात हेतुपुरस्सर बुडवणाऱ्यांनाही तडजोडीचं दार ठेवलं, म्हणून आमच्या बँकवाल्यांच्या संघटना ओरडल्या होत्या. रामदासपेठकरांनी राग तिकडे काढावा.
आणि ताई, एक गोष्ट तुम्ही गाळली. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. अपील नाही. हप्ता चुकला असता तर सरळ वसुलीची दरखास्त लागली असती.

मानेवाडा_चौक:
गाळली नाही, भीतीनं आठवत नव्हते. तीन वर्षं दर पाच तारखेला पोटात गोळा यायचा.

जामीनदार_नंबर_दोन:
तुमचं ठीक आहे नं बाप्पा, तुम्ही कर्ज घेतलं, तुम्ही फेडलं. माह्याबद्दल कोन बोलन? शाळेतल्या सोबत्याले पतसंस्थेचं 3 लाख कर्ज पाहिजे होतं. म्हने, "फक्त सही." चहा-समोशावर सही केली मी. त्यानं थकवलं, सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुलीचा दाखला निघाला, अन् कपात माह्या पगारातून! महिन्याले 4,500, 26 महिने. मंग पतसंस्थेच्या साहेबानं त्याच्यासंग तडजोड केली, व्याज माफ. मले कोनी सांगतलंही नाही. वरून त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली, सहकुटुंब या म्हने.

मिहान_नाईट_शिफ्ट:
गेले का जेवायला? 😂

जामीनदार_नंबर_दोन:
गेलो नं बे. 1 लाख 17 हजाराचं जेवन होतं, सोडतो काय?

निवृत्त_मॅनेजर:
गुरुजी, करार कायद्यात कलम 135 आहे. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराशी तडजोड केली, तर जामीनदार सुटतो. पण जामीनपत्रात बहुतेक वेळा तो हक्क सोडून दिल्याचं कलम छापलेलं असतं. वाचलं होतं?

जामीनदार_नंबर_दोन:
समोसा खाऊन राहिलो होतो म्हनलं नं.

रामदासपेठकर:
घ्या! म्हणूनच म्हणतो, तडजोडीत मरतो तो साधा माणूस.

मानेवाडा_चौक:
काकाजी, गुरुजींना मारलं ते थकबाकीनं आणि न वाचलेल्या सहीनं. तो सोबती आधीच लेखी हप्ते बांधून घेता, तर दाखलाच निघाला नसता. तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा देऊन राहिले.

निवृत्त_मॅनेजर:
गुरुजी, जे भरलं ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. मुदत पैसे गेल्यापासून 3 वर्षं, प्रत्येक कपातीची तारीख वेगळी. पहिल्या काही कपातींची मुदत गेली असेल. पगारपत्रकं काढा, उरलेल्यासाठी वकील गाठा.

जामीनदार_नंबर_दोन:
आता सांगता? बरं, काढतो. शाळेत कारकुनाले पेढे द्या लागतीन.

रामदासपेठकर:
ठीक आहे ताई, मुद्दल भरलं, तुम्ही बुडव्या नाही. बाकीच्यांबद्दल मत तेच. आता खूश?

मानेवाडा_चौक:
खूप. फ्रेम करून लावते.

मिहान_नाईट_शिफ्ट:
क्रेडिट कार्डाचे माझे 3 लाख 60 हजार थकलेत. फोन चालूच. अमेरिकेसारखं दिवाळं काढून मोकळं होता येत नाही का?

निवृत्त_मॅनेजर:
दिवाळखोरीच्या 2016 च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. तुला 1920 चा कायदा, जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज. त्यापेक्षा ताईंसारखं लेखी दे. आणि सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन आला तर वेळ लिहून ठेव, तक्रार करता येते.

मिहान_नाईट_शिफ्ट:
मी 7 नंतरच उठतो, काका. बरं, कार्डाला जामीनदार नसतो ना?

जामीनदार_नंबर_दोन:
नसते. पन कोनी समोसा घेऊन आला तर मले फोन कर.