बाबांच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय, नक्की कोणाला दाखवू?

बाबा ६२ वर्षांचे, शुगर बारा वर्षांपासून. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर काढला तरी पेपर वाचता येत नाही आणि आता म्हणतात डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात, दुकानवाला म्हणतो मोतीबिंदू असेल. पुण्यात कुठे जाऊ?

– दुकानात नंबर काढतात तेवढंच, आजार बघायला डोळ्यांची डॉक्टरी पदवी (एमएस, डीओ वगैरे) केलेला नेत्रतज्ज्ञच पाहिजे. शुगर वरखाली झाली की नंबरही हलतो, म्हणून आधी शुगर बघा नाहीतर तिसरा चष्माही वाया जाईल. आणि डायबेटिस आहे म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) वर्षातून एकदा तपासायलाच हवा, त्रास असो वा नसो, बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकतात मग काही तास धूसर दिसतं, त्यामुळे बाबांना एकटं गाडीवर पाठवू नका!!

– ठिपके अचानक वाढले, विजेसारखं चमकलं किंवा एका बाजूने पडदा पडल्यासारखं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी रेटिनावाल्याकडे.

– हडपसरचं देसाई नेत्र रुग्णालय बघा. आणि डोळ्याचं प्रेशर पण तपासून घ्या, काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, गुपचूप नजर खातो, गेलेली परत येत नाही. मोतीबिंदूचं तसं नाही, ऑपरेशन करून लेन्स बसवता येते.

– थँक्यू सगळ्यांना, उद्याच नेतो. बाबा म्हणतायत मला काही झालं नाही 😅