झर्क्सिसच्या पुलाचे दोर लाकडी गाढवांनी ताणले? म्हणजे नेमकं काय?

बोअरवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरमधल्या मोटारी काढायची-सोडायची कामंही घेतो, त्यामुळे तिपाई, चेन कप्पी, वायररोप, विंच हेच रोजचं. पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याच्या वहीत दिसलं की इराणचा राजा झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला तेव्हा त्यानं समुद्रावर नावांचा पूल बांधला आणि पुलाचे दोर ‘लाकडी गाढवांनी’ ताणले. पोरगं म्हणतंय, ट्रॉयच्या घोड्यासारखं काहीतरी असेल. मला काय पटंना. लाकडाचं गाढव दोर ओढणार कसा? ते यंत्र काय होतं, आणि त्या काळी उचलायच्या बाकीच्या यंत्रांना काय म्हणायचे? चित्र नसलं तरी चालतंय, काम कसं चालायचं तेवढं सांगा.

माळावरचा

साधी गोष्ट आहे, खरी गाढवं जुंपली असतील. ‘लाकडी’ हा शब्द कुणीतरी मागून घुसडला.

निवृत्त_ड्राफ्ट्समन

नाही हो, ‘लाकडी’ मुळातच आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इतिहासाच्या सातव्या भागात. गोष्ट इ. स. पू. ४८० च्या स्वारीची. शब्द आहे ‘ओनोस’. अर्थ गाढव, पण कारागिरांच्या तोंडी तो विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचा ओंडका. गाढव भार वाहतं म्हणून हे नाव पडलं असावं. आपल्याकडे सुताराची घोडी असतेच की. रोमन लोक त्याच ओंडक्याला ‘सुकुला’ म्हणत, म्हणजे लहान डुकरीण!

रचना तुम्हाला एका वाक्यात कळेल: दोन टेकूंवर आडवा ओंडका, त्याला आरपार भोकं, भोकात दांडे. एकानं दांडा खाली दाबायचा, तोवर दुसऱ्यानं पुढच्या भोकात दांडा घालायचा. ओंडक्याची त्रिज्या १० सें.मी. आणि दांडा मध्यापासून १ मीटर धरा. घर्षण सोडलं तर ताकद दहापट. ॲरिस्टॉटलच्या नावावर यांत्रिक प्रश्नांचं एक छोटं पुस्तक आहे (ते त्याचं नसून त्याच्या परंपरेतल्या कुणाचं असावं). त्यात हाच प्रश्न विचारलाय: ओंडका तोच, मग दांडा लांब केला की फिरवणं सोपं का जातं? आणखी गंमत म्हणजे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतला मोडलेल्या हाडांवरचा ग्रंथ म्हणतो की माणसानं शोधलेल्या यंत्रांत सगळ्यात जोरकस तीन: ओनोस फिरवणं, तरफ आणि पाचर. हाड जागेवर आणायला पाय ताणायचा तो याच ओंडक्यानं. वाचताना माझाच गुडघा दुखला.

ओंडका उभा केला की नाव बदलतं, ‘एर्गातेस’, म्हणजे कामकरी. माणसं दांडे छातीला लावून गोल फिरतात. लांबचं ओढायला हा बरा, कारण थांबून दांडा बदलावा लागत नाही. उचलायला आडवाच बरा, कारण माणसाला आपलं वजन दांड्यावर टाकता येतं. हा शेवटचा हिशेब माझा, ग्रंथातला नाही.

आता उचलणं. कप्पीला ‘त्रोखिलिया’. दोन कप्प्या वर आणि एक खाली असेल तर ‘त्रिस्पास्तोस’, तीन ओढींचा. पाच असल्या तर ‘पेंतास्पास्तोस’, आणि पुष्कळ असल्या की ‘पोलिस्पास्तोन’. रोमन लेखक विट्रुव्हियसनं वास्तुकलेवरच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अख्खी जोडणी दिलीय: वर जोडलेले आणि खाली फाकवलेले दोन वासे, मागून ताणदोर, वर कप्पी, आणि दोराचं टोक खाली ओंडक्यावर. म्हणजे कप्प्यांचा तिप्पट आणि ओंडक्याचा दहापट, दोन्ही एकमेकांना गुणायचे. दगड धरायला चिमटा, ग्रीक नाव ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा. त्याच्या नांग्या बसायला पाडलेली भोकं ग्रीक मंदिरांच्या दगडांत इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात.

आणि त्या पुलाचे दोर साधे नव्हते. जवसाच्या धाग्याचा दोर एक हात लांबीला एक टॅलेंट भरायचा, असं हेरोडोटस लिहितो. टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो.

बोअरवाला_सोलापूर

थांबा थांबा साहेब. हात म्हणजे दीड फूट. म्हणजे मीटरला ५५-५७ किलो? असला दोर वीतभराहून जाड होईल. तो ड्रमवर वळणार कसा? आम्ही ८ एमएमच्या वायररोपला निदान दीडशे एमएमचा ड्रम लावतो, त्याहून बारीक लावला की तारा तुटायला लागतात. इथं तर ड्रम खोलीएवढा लागंल!

निवृत्त_ड्राफ्ट्समन

बरोबर पकडलंत. काही अभ्यासकांना हा आकडा फुगवलेलाच वाटतो. आकडा खरा धरला तरी जाड दोर स्वतः ओंडक्यावर वळवला असेल असं मला वाटत नाही. त्याच्या टोकाला बारीक दोर बांधून ते ओंडक्यावर घेतले असावेत, दोन-चार ओनोस शेजारी लावून. हेरोडोटस एवढंच सांगतो की दोर किनाऱ्यावरून लाकडी ओनोसनी पिळून ताणले. पूल दोन होते, प्रत्येकाला सहा दोर: दोन जवसाचे आणि चार पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीचे. आधीच्या खेपेला फिनिशियनांनी जवसाचे आणि इजिप्शियनांनी पपायरसचे दोर वेगवेगळ्या पुलांना वापरले होते. वादळात दोन्ही पूल गेले. मग झर्क्सिसनं समुद्राला ३०० फटके मारायला लावले आणि पूल बांधणाऱ्यांची डोकी उडवली. तुमचं गिऱ्हाईक मोटार अडकली म्हणून कितीही ओरडलं तरी एवढं करत नसेल.

हिप्परगा_पक्षी

मध्येच बोलतो. ग्रीकांकडे क्रेनला ‘गेरानोस’ असाही शब्द आहे, म्हणजे क्रौंच. थंडीत आमच्या हिप्परग्याच्या तलावावर जे करकोचे उतरतात त्यांच्याच जातकुळीतला. लांब मान पुढे, म्हणून. नाटकात देव वरून खाली सोडायचे त्या यंत्राला मात्र ‘मेखाने’.

माळावरचा

गाढव, डुकरीण, खेकडा, क्रौंच. शेळी तेवढी राहिली.

बोअरवाला_सोलापूर

आता एवढंच सांगा. दांडा बदलताना भार उलटा फिरू नये म्हणून काय करायचे? आमच्या विंचला दातेरी चाक आणि त्यावर पडणारा खटका आहे. मागे एका पोरानं खटका वर बांधून ठेवला होता आणि हँडल सुटून थेट कोपरावर बसलं.

निवृत्त_ड्राफ्ट्समन

नुसता ओंडका असेल तर एक दांडा भोकात ठेवून जमिनीला किंवा टेकूला टेकवायचा, की झालं. विट्रुव्हियसच्या क्रेनच्या वर्णनात खटका मला आठवत नाही. पण हेरोन या ग्रीक यंत्रतज्ज्ञाच्या अस्त्रयंत्रांवरच्या ग्रंथात आहे. पोटानं दाबून ओढायचं मोठं धनुष्य, ‘गास्त्राफेतेस’, त्याच्या दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या आणि त्यात अडकणारा खटका. ओढत आणलेली सरक (धनुष्याची दोरी धरणारी सरकती पट्टी) मागे पळू नये म्हणून. खटक्याचं नाव ‘काताक्लेइस’. पुढे धनुष्य हातानं ओढण्याजोगं राहिलं नाही तेव्हा मागे ओनोस बसवला, खटका तसाच ठेवला.

त्या पोराचं कोपर आता कसं आहे? आणि खटक्याची दोरी काढून टाकलीत ना?

बोअरवाला_सोलापूर

कोपर बरं आहे. दोरी मीच कापली, आणि खटक्याची स्प्रिंग बदलली.