मदत हवी आहे: बी.एस्सी. जिऑलॉजीनंतर पुरातत्त्वात जायचं आहे, तेही नवाश्मयुगात

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय जिऑलॉजी. कॉलेजची फील्ड ट्रिप बदामी-ऐहोळेला गेली होती. सगळे वालुकाश्माचे थर मोजत होते. मेगुती टेकडीवर मला उभ्या फरश्यांवर आडवी फरशी ठेवून केलेल्या खोल्या दिसल्या. सर म्हणाले, "महापाषाणयुगातली थडगी. आपला विषय नाही, चला." माझा तोच विषय होऊन बसला. मग नवाश्मयुग (दगडी हत्यारंच वापरणारी, पण शेती-गुरं करू लागलेली माणसं होती तो काळ), राखेचे ढिगारे, त्या काळचे गुराखी असं मिळेल ते वाचत सुटले.

आप्पांचा विरोध आहे. "दगडं बघत फिरून पोट भरतंय व्हय? एम.एस्सी. कर, खाणीत तरी लागशील." त्यांचंही चूक नाही, ऊसबिलं वेळेवर येत नाहीत आणि धाकटा भाऊ अजून शिकतोय.

जाणकारांनी सांगावं: जिऑलॉजीत एम.एस्सी. करून मग वळू की आत्ताच पुरातत्त्वात एम.ए. करू? पुण्याला जाऊ की धारवाडला? आम्ही सीमाभागातले, कागदोपत्री कर्नाटकातले, शाळा मराठी. पुण्यात प्रवेशाला अडचण येईल का? आणि शेवटी नोकरी म्हणजे नेमकं काय करतात हे लोक?

कुंदाप्रेमी
आधी अर्धा किलो कुंदा पाठवा, मग उत्तर. (हलकेच घ्या. वाचतोय.)

जुना भूगर्भी
मुली, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि रॉबर्ट ब्रूस फूटचं नाव ऐकलंय का ते विचार. भारतीय प्रागितिहासाची सुरुवात ज्याच्यापासून मोजतात तो माणूस जिऑलॉजिकल सर्व्हेत नोकरीला होता. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्याला दगडी हत्यार सापडलं ते सर्वेक्षण करताना. पुढे १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर त्याने आख्खा ग्रंथ लिहिला. तो मुलूख म्हणजे तुझं-माझं बेळगाव, कलादगी, धारवाड. तेव्हा आपला विषय नाही हे कुणी सांगू नये.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या जोशींचं मलप्रभेच्या खोऱ्यावरचं पुस्तक १९५५ चं आहे. ते अश्मयुगाचं, तुझ्या काळाच्या फार आधीचं, पण नदीचे गाळथर वाचल्याशिवाय त्यात एक पान पुढे सरकत नाही. जिऑलॉजी सोडू नकोस, सोबत ने.

खापरवाली
मी डेक्कन कॉलेजातून एम.ए. केलंय, सध्या एका प्रकल्पावर कंत्राटी आहे. जरा लांबण लावते.

पहिलं म्हणजे तू दोन काळांची सरमिसळ करते आहेस. मेगुतीवरची थडगी किंवा कोप्पळकडचा हिरेबेणकलच्या थडग्यांचा मोठा समूह हे बहुतांशी लोहयुगातलं. (हिरेबेणकल नक्की बघ, १८३५ मध्ये मेडोज टेलर या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवलंय, आसपासचे लोक त्या डोंगराला मोर्य लोकांचा डोंगर म्हणतात.) युरोपात नवाश्मयुग म्हटलं की मोठाले उभे दगड येतात. आपल्याकडे त्या काळाचं स्मारक म्हणजे राखेचा ढीग. इंग्लंडात इ.स.पू. २५०० च्या सुमारास स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहत होते, त्याच सुमारास कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात लोक गुरांचं शेण साठवून जाळत होते. एवढं जाळलं की राख वितळून काचेसारखी झाली. हंपीजवळच्या निंबापूरला तसा ढीग आहे, तिथले लोक त्याला वालीच्या चितेची राख मानतात. कुणी ज्वालामुखी म्हणालं, कुणी लोखंडाची भट्टी. उटनूरच्या राखेच्या ढिगात १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑल्चिननी खणलं तेव्हा थरांमध्ये खांबांचे खळगे आणि गुरांच्या खुरांचे ठसे निघाले. म्हणजे गोठा! बुदिहाळला डेक्कनच्या पद्दय्या सरांनी ढिगाशेजारची वस्ती, दगडी हत्यारांची कार्यशाळा आणि जनावरं कापण्याची जागा उघडी केली.

आता काम. सिनेमातल्यासारखी फेडोरा टोपी घालून कुणी फिरत नाही. सकाळी खड्ड्याची भिंत खुरपीने तासायची, थर दिसेपर्यंत. तासताना कधी करकर वाजतं, कधी हात लोण्यात गेल्यासारखा जातो. तिथे थर बदलला. रेघ मारायची, नाव द्यायचं, चित्र काढायचं. दुपारनंतर खापरं धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात क्रमांक घालायचा. राखेची माती पाण्यात ढवळली की जळके दाणे वर तरंगतात, ते कापडात गाळून सावलीत वाळवायचे. त्यात कुळीथ निघतो, मूग निघतो. मला यातलं सगळ्यात जास्त तेच आवडतं. उरलेलं वर्ष संगणकासमोर: टोपोशीट (उंचसखल दाखवणारे नकाशे), उपग्रहचित्रं, तक्ते, अहवाल. परिसराचा अभ्यास म्हणतात तो बराचसा पायी फिरून आणि नकाशावर होतो, खणण्यात कमीच.

डेक्कनला एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, देशभरातून मुलं येतात, सीमाभागाचा प्रश्न तिथे येत नाही. प्राण्यांची हाडं, बिया, रसायन यांच्या प्रयोगशाळा आहेत. माझं मत: थेट एम.ए. कर.

धारवाडचा पाऊस
पुण्याचं कौतुक ठीक, पण धारवाड हातात आहे. सुंदर सर कर्नाटक विद्यापीठातलेच, दक्षिणेतल्या थडग्यांवरचं त्यांचं पुस्तक १९७५ चं, अजून त्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. बेळगावातल्या वडगाव-माधवपूरचं सातवाहन नगर त्यांनीच खणलं. आणि थडगी बघायला ऐहोळेपर्यंत कशाला, गोकाकजवळ कोन्नूरला आहेत की.

आता कटू बोलतो. कायम नोकऱ्या कमी आहेत. केंद्राच्या पुरातत्त्व खात्यातली वरची पदं यूपीएससीमार्फत, जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही. राज्य खात्यात कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे. प्राध्यापकीला नेट ही पात्रता परीक्षा, पुरातत्त्व हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० हातात येतात, आप्पांना हा आकडा सांग. पण ती पाच वर्षांपुरतीच. माझ्या बरोबरची निम्मी मुलं आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये शिकवतात.

थेम्सकाठी
बाहेरची बाजू सांगतो. इंग्लंडात १९९० पासून नियम असा की बांधकामाआधी जमिनीखालचं तपासायचा खर्च बिल्डरच्या माथी. त्यामुळे इथे खासगी कंपन्या आहेत, खड्ड्यात उतरून पगार घेणारे हजारो लोक आहेत. पगार बेताचा, चिखल भरपूर. पण अनुभव मिळतो. भारतात तसं काही नसल्याने सगळा भार सरकार आणि विद्यापीठांवर. परदेशी पीएच.डी.चा विचार असेल तर आधी भारतातल्या एका उत्खननात पूर्ण हंगाम काढ, नुसत्या गुणांवर इथे कुणी विचारत नाही.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. खापरवाली ताई, राखेचं वाचून रात्री झोप नाही लागली. ३७,००० चा आकडा आप्पांना सांगितला. "दर महिन्याला? सरकार देतंय?" एवढंच बोलले आणि चहा मागितला. आमच्याकडे हा होकाराच्या जवळपासचा प्रकार आहे.

एक राहिलं. कन्नड बोलते मी बऱ्यापैकी, बाजारात, बसमध्ये. वाचताना अडखळते. आणि आमच्या मामांच्या ओळखीतल्या एकाकडे रायचूरकडून आणलेली गुळगुळीत दगडी कुऱ्हाड आहे. ती कॉलेजला आणून दाखवावी का?

खापरवाली
आणू नकोस. जिथे आहे तिथेच फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून, आणि नेमकी कुठल्या शेतात मिळाली ते त्याला विचारून लिहून ठेव. जागा हरवली की कुऱ्हाड नुसता दगड उरते. तिकडे अशा कुऱ्हाडी गावच्या पारावर, झाडाखाली देव म्हणूनही ठेवलेल्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. तिथे तुझं बाजारातलं कन्नड पुण्या-दिल्लीच्या पदव्यांपेक्षा जास्त कामाला येईल. वाचायचं शिकून घे, महिनाभराचं काम आहे.

आणि जमलं तर बळ्ळारीला जा. संगनकल्लूचा नवाश्मयुगातल्या वस्तीचा डोंगर, कुपगलच्या काळ्या खडकावर कोरलेले लांब शिंगांचे बैल, ठोकले की घणघणणारे दगड. शहरात फूटच्या नावाचं संग्रहालयही आहे. त्याच डोंगरांना खडीच्या खाणींनी पोखरलंय. आप्पांना खाणीतल्या नोकरीबद्दल बोलताना हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

जुना भूगर्भी
खाणवाल्यांना एवढं झोडू नका, माझी पेन्शन तिथलीच आहे.

मलप्रभाकाठ
काका 😀 पुण्याच्या प्रवेशाची तारीख बघून ठेवते, धारवाडचाही अर्ज भरते. कोन्नूरला या रविवारी जायचा विचार आहे, मामेभाऊ गाडी काढतोय. गोकाककडचं कुणी आहे का इथे?

धारवाडचा पाऊस
या रविवारी नको. पाऊस आत्ताच उघडलाय, गवत कमरेएवढं असेल आणि त्यात फुरसं. दिवाळी झाली की जा, बूट घालून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तिकडे माझे साडू असतात.