थेट सरपंच आणि विरोधी पॅनेलचे सदस्य

एकाने लिहिलंय की थेट सरपंच (म्हणजे गावानं मतदानानं निवडलेला) आल्यापासून गावातला घोडेबाजार संपला. अर्धंच खरं आहे. २०१७ आधी सदस्य सरपंच निवडायचे, तेव्हा निकाल लागला की सदस्य 'सहली'ला जायचे, फोन बंद. उपसरपंच अजून सदस्यच निवडतात, म्हणून आता सहल उपसरपंचपदासाठी निघते, एवढाच फरक. (खर्चही कमी, म्हणे.)

खरी गंमत पुढं आहे. मतदार सरपंचाला वेगळं मत देतो, वॉर्डातल्या सदस्यांना वेगळं. आमच्या औशाकडं (लातूर जिल्हा) लोक सरळ सांगतात, "सरपंचाला तुमचं, वॉर्डात भावकीचं." मग सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं. मासिक सभेला सदस्य येतच नाहीत, कोरमअभावी (किमान हजेरी नसल्यानं) सभा तहकूब. वित्त आयोगाचा पैसा खात्यात पडून, नालीचं काम ठरावावाचून अडलेलं, आणि ग्रामसेवक दोन्हीकडच्या शिव्या खातोय.

सरपंचाला काढायचं म्हणलं तर तेही सोपं नाही. पहिली दोन वर्षं अविश्वास आणताच येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत, वर ग्रामसभेत गुप्त मतदान.

२०२० मध्ये थेट निवडीची पद्धत रद्द झाली, २०२२ मध्ये सरकार बदललं तशी परत आली. त्यात गावाला कुणी विचारलं नाही. माझं मत थेट निवडीच्याच बाजूनं आहे. निदान पाच-सात घरांनी बसून सरपंच ठरवायचं तरी बंद झालं. पण निधीच्या ठरावांना ठराविक मुदत घाला, नाहीतर नालीचं पाणी रस्त्यावरच राहणार.